चाचणीच्या मेमरीचे माप सर्वांसाठी एकच हवे

दुकानाचे बिल, कारखान्याची हजेरी, मालाची आवक-जावक यांचे सॉफ्टवेअर बनविण्याच्या धंद्यात ज्या बांधवांची मुले पडली आहेत, किंवा ज्यांनी स्वतःच चार-सहा मुले हाताशी धरून असे काम सुरू केले आहे, त्यांच्यासाठी आजचा पाठ आहे. अशा ठिकाणी एक वाक्य हमखास ऐकू येते, "माझ्या संगणकावर तर चालते!" एकाच्या यंत्रावर सर्व चाचण्या पास होतात, दुसऱ्याच्या यंत्रावर त्याच चाचण्या मध्येच बंद पडतात. दोघे भांडत बसतात आणि माल देण्याची तारीख टळते. या तक्रारीची कारणे अनेक असतात. आम्ही त्यांतील एकच घेतो, ते म्हणजे मेमरी. उदाहरण जावा भाषेतील कामाचे आहे.

शिवणकामात बाही, कॉलर हे भाग जोडण्यापूर्वी एकेक तपासून घेतात. तसेच प्रोग्रामचा लहानसा भाग वेगळा चालवून त्याचे उत्तर बरोबर येते की नाही हे पाहणे म्हणजे युनिट टेस्ट. मोठ्या कामात अशा शेकडो चाचण्या असतात आणि बहुधा त्या एकापाठोपाठ एकाच प्रक्रियेत चालतात. म्हणजे पहिल्या चाचणीने घेतलेली मेमरी सोडली नाही, तर त्याचा भार शंभराव्या चाचणीवर पडतो.

जावा सुरू होतानाच आपल्या वस्तू ठेवण्यासाठी जास्तीत जास्त किती जागा घ्यावयाची ते ठरविते. या जागेला हीप म्हणतात. आपण काहीच सांगितले नाही तर ती साधारणपणे यंत्राच्या एकूण मेमरीचा चौथा हिस्सा धरते. १६ जीबीच्या यंत्रावर ४ जीबी, ८ जीबीच्या यंत्रावर २ जीबी आणि ४ जीबीच्या जुन्या यंत्रावर फक्त १ जीबी. खरी मेख येथेच आहे. प्रोग्राम एक, चाचण्या त्याच, पण प्रत्येकाचे माप वेगळे! दीड जीबी मागणारी चाचणी पहिल्या दोघांकडे पास होते आणि तिसऱ्याकडे 'आउट ऑफ मेमरी एरर' असा संदेश देऊन बंद पडते. त्यात तिसऱ्या मुलाचा काहीही दोष नसतो. प्रत्येक कारागिराने आपापल्या घरची टेप आणली तर सदऱ्यांची मापे जुळतील काय?

उपाय म्हणून पुष्कळ ठिकाणी तिसरा मुलगा आपल्या यंत्रावर मर्यादा वाढवून घेतो. आमच्या मते हा उपाय नव्हे. ती मर्यादा त्याच्याच यंत्रावर राहते, नवीन मुलगा कामावर आला की पुन्हा तीच कटकट सुरू होते. शिवाय ती बहुधा चुकीच्या जागी लिहिलेली असते. मेव्हन वापरणारे 'मेव्हन ऑप्ट्स' नावाच्या ठिकाणी मोठा आकडा टाकतात आणि तरीही चाचणी बंद पडते म्हणून डोके धरून बसतात. कारण असे की चाचण्या मेव्हनच्या प्रक्रियेत चालतच नाहीत. शुअरफायर नावाचा त्याचा भाग त्यांच्यासाठी दुसरी प्रक्रिया उघडतो, आणि ती प्रक्रिया 'मेव्हन ऑप्ट्स' विचारात घेत नाही.

योग्य जागा म्हणजे कामाची सामाईक फाइल, जिला पॉम म्हणतात. तिच्या प्रॉपर्टीज या विभागात 'आर्गलाइन' या नावाने मर्यादा लिहावी. वजाचे चिन्ह, मोठा एक्स, मग लहान अक्षरांत एम आणि एक्स, आणि मध्ये जागा न सोडता आकडा, जसे १०२४ आणि पुढे एम. ही फाइल गिटमधून सर्वांकडे जाते, म्हणून माप सर्वांकडे एकच होते. हीच ओळ थेट शुअरफायरच्या मांडणीत लिहिण्याची सवय काहींना असते. चाचण्यांनी कोडचा किती भाग तपासला हे मोजण्यासाठी जाकोको वापरत असाल तर तसे करू नये. जाकोको आपला मजकूर आर्गलाइनमध्येच जोडतो. थेट लिहिलेल्या ओळीमुळे तो बाजूला पडतो आणि अहवाल रिकामा येतो.

ग्रेडल वापरणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. २०१८ मधील ५.० या आवृत्तीपासून तेथे चाचणीच्या प्रक्रियेला आपोआप ५१२ एमबीची मर्यादा असते, यंत्र कितीही मोठे असो. ती बदलायची तर बिल्डच्या फाइलीत, टेस्टच्या कामाखाली बदलावी. ग्रेडलच्या प्रॉपर्टीज फाइलीतील जेव्हीएमचा आकडा खुद्द ग्रेडलसाठी असतो, चाचण्यांसाठी नव्हे.

आकडा किती ठेवावा? सर्वांत लहान यंत्र डोळ्यांसमोर ठेवावे. चाचण्या आधी ५१२ एमबीवर चालवून पाहाव्यात. बंद पडल्या तर थोडे थोडे वाढवीत जावे, आणि ज्या आकड्यावर सर्व नीट चालतात त्यावर थोडी सूट ठेवावी. मात्र हा आकडा फक्त हीपचा आहे, प्रक्रिया प्रत्यक्षात त्याहून अधिक मेमरी घेते. शिवाय वेळ वाचविण्यासाठी शुअरफायरला चार प्रक्रिया एकदम उघडावयास सांगितले असेल, तर प्रत्येकीला ही मर्यादा स्वतंत्र मिळते. १ जीबीच्या चार म्हणजे ४ जीबी, आणि लहान यंत्र तेथेच बसते.

जुन्या कामातून उचललेल्या ओळीही तपासून घ्याव्यात. 'मॅक्स पर्म साइझ' ही मर्यादा ज्या जागेची होती ती जागाच २०१४ च्या जावा ८ मध्ये रद्द झाली. जावा ८ नुसती सूचना देऊन पुढे जाते. २०२१ मध्ये आलेली जावा १७ मात्र ही ओळ पाहून सुरूच होत नाही.

आकडा सारखा वाढवावा लागत असेल तर आधी कारण शोधावे. स्टॅटिक यादीत वस्तू साठत जातात आणि कोणी ती रिकामी करीत नाही, हे नेहमीचे कारण. स्प्रिंग वापरणाऱ्यांकडे आणखी एक कारण असते. चाचण्यांसाठी उभी केलेली मांडणी स्प्रिंग पुढच्या चाचणीसाठी राखून ठेवते, आणि अशा ३२ वेगवेगळ्या मांडण्या साठू शकतात. प्रत्येक चाचणीत थोडा थोडा फरक केला की नवी मांडणी उभी राहते. त्या एकसारख्या केल्या की पुष्कळदा मर्यादा वाढवावी लागतच नाही, आणि चाचण्याही लवकर संपतात.