स्वयंपाकघरातील जुन्या फडताळाची घरच्या घरी दुरुस्ती

पनवेल तालुक्यातील कोन व आसपासच्या गावांत कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहत आहेत. नव्या घरात जाताना स्वयंपाकघरातील जुने सागवानी फडताळ बहुधा भंगारात जाते आणि पार्टिकल बोर्डचे कपाट येते. आपल्याकडील पावसाळी ओलीत हा बोर्ड लवकर फुगतो. त्यापेक्षा जुने फडताळ दुरुस्त करणे केव्हाही किफायतशीर. खर्च रंगाचा, बिजागऱ्यांचा व स्वतःच्या श्रमाचा.

प्रथम दाभण खुपसून लाकूड तपासावे. सागाच्या गाभ्याचे गडद लाकूड सहसा शाबूत असते. कीड लागते ती सालीकडच्या फिकट लाकडाला. टाचणीएवढी गोल छिद्रे व खाली पिठासारखा भुगा दिसल्यास तो लाकूड पोखरणारा भुंगेरा समजावा. भिंतीवर मातीच्या नळ्या असल्यास वाळवी. तांदळातील सोंडे मात्र लाकूड खात नाहीत. ते फटीत सांडलेल्या दाण्यांवर वाढतात. म्हणून फटी खरवडून साफ करणे हे निम्मे काम आहे.

जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगातील शिशावर दशलक्ष भागांत 90 भाग ही मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली; त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे बरेच असू शकते. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. फडताळ अंगणात आणून, पाणी मारत, वॉटर पेपरने घासावे. नाकातोंडावर मास्क असावा. लगदा गोळा करून बांधून टाकावा; परसात किंवा शेणखताच्या खड्ड्यात नको.

फवारणीचे क्लोरपायरिफॉस उरले म्हणून ते फडताळाला लावण्याचा मोह होतो. जेथे भाकरीची टोपली ठेवायची तेथे हे औषध कदापि वापरू नये. त्याऐवजी 1 लिटर गरम पाण्यात 30 ग्रॅम बोरॅक्स व 20 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवावे. रंग काढलेल्या उघड्या लाकडावरच ते मुरते. ब्रशने दोन-तीन हात द्यावेत. हे द्रावणही पोटात जाता कामा नये आणि ते पाण्याने धुऊन जाते. त्यामुळे लाकूड चार-पाच दिवस सुकवून, छिद्रांत लांबी भरून, आतबाहेर प्रायमर व ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. वास जाईपर्यंत दारे उघडी ठेवावीत. भिंतीत वाळवीचे वारूळ असेल तर मात्र जाणकार माणूस बोलवावा.

स्क्रूचे छिद्र सैल झाले असल्यास फेव्हिकॉलमध्ये बुडवलेली बांबूची काडी ठोकून, वाळल्यावर स्टेनलेस स्टीलचा स्क्रू बसवावा.

हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये करावे. श्रावणात अडकणाऱ्या दाराला लगेच रंधा मारू नये. उन्हाळ्यात लाकूड आक्रसले की तेथेच झुरळ शिरण्याएवढी फट पडते.