शाळेच्या बसचा परवाना : तयारी कशी करावी?

आपल्या समाजातील असंख्य तरुण गाडीवर रोजी कमावतात. कोणी टेम्पोवर आहे, कोणी ट्रकवर, कोणी रिक्षावर. भिवंडी-मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावांत माग थंडावले की बेकार झालेला तरुण पहिल्यांदा स्टिअरिंगकडेच वळतो. या कामांमध्ये शाळेच्या बसची नोकरी चांगली मानली जाते. वेळ ठरलेली, पगार महिन्याचा आणि रात्र घरी. मात्र तिची वाट लांब आहे आणि ती दलालाच्या टेबलावरून जात नाही. या लेखात आम्ही ती वाट टप्प्याटप्प्याने मांडत आहोत.

वयाचा हिशेब

प्रथम वर्षांचा हिशेब मांडावा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे मोटारगाडीचा परवाना वयाच्या १८ व्या वर्षी मिळू शकतो. व्यवसायी वाहन, म्हणजे कायद्याच्या भाषेत परिवहन वाहन, चालवायला वय २० पूर्ण लागते. त्याच्या शिकाऊ परवान्याआधी हलक्या मोटार वाहनाचा पक्का परवाना किमान एक वर्ष हातात असावा लागतो. शाळेच्या मालकीची बस हीसुद्धा कायद्याने परिवहन वाहनच आहे.

याच्या पुढची अट अनेकांना माहीत नसते. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजीराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळली आणि पंचवीसहून अधिक मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांत शाळेच्या बसचालकासाठी जड वाहनाचा किमान ५ वर्षांचा अनुभव सांगितला गेला. सिग्नल तोडणे, लेनची शिस्त मोडणे अशा गुन्ह्यांत वर्षातून दोनपेक्षा जास्त वेळा सापडलेला चालक ठेवू नये, आणि वेगाचा, दारूचा वा बेदरकारपणाचा एक गुन्हा असला तरी ठेवू नये, अशीही ती कसोटी आहे. सीबीएसईने आपल्या शाळांना याच अटी कळवल्या.

म्हणजे मोठ्या बसचा हिशेब १८ व्या वर्षी सुरू होतो आणि २५ च्या सुमारास पुरा होतो. मधल्या वर्षांत झालेले प्रत्येक चलन खात्यावर चढते. व्यापारात जिला आपण साख म्हणतो, तीच ही गोष्ट. साख बाजारात विकत मिळत नाही, ती वर्षानुवर्षे जपावी लागते.

शिक्षणाची एक अडचण दूर झाली आहे. परिवहन वाहनासाठी आठवी पास असण्याची अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. मात्र शाळा वा बसमालक आपली वेगळी अट घालू शकतात.

पहिली पायरी : कच्चे लायसन्स

पहिल्या परवान्याच्या वेळी जी लेखी वा संगणकावरची परीक्षा होते, तीच पुढच्या सगळ्याचा पाया आहे. तिच्यात किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. विषय चारच आहेत : वाहतुकीची चिन्हे व नियम, अपघातानंतरची चालकाची कर्तव्ये, रेल्वे फाटकावरची खबरदारी आणि गाडीत ठेवायची कागदपत्रे.

चिन्हांचे तीन गट डोक्यात पक्के बसवावेत. बहुतेक गोल चिन्हे हुकमाची असतात : लाल कडा असेल तर मनाई, निळा गोल असेल तर सक्ती. त्रिकोण धोक्याची सूचना देतो. निळी चौकोनी पाटी माहिती देते. दोन चिन्हे वेगळी आहेत : ‘थांबा’ अष्टकोनी आणि ‘मार्ग द्या’ उलटा त्रिकोण.

उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांची खरी अडचण नियमांची नसते, शब्दांची असते. काही शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण अर्थ निराळे. हे शब्द वहीत लिहून घ्यावेत :

सक्ती : उर्दूत सख़्ती म्हणजे कठोरपणा, मराठीत बंधनकारक, लाज़िमी.
हरकत : उर्दूत हालचाल, मराठीत आक्षेप. ‘ना हरकत प्रमाणपत्र’ म्हणजे एतराज़ नसल्याचा कागद.
प्राधान्य : तरजीह, आधी जाण्याचा हक्क.
पादचारी : पायी चालणारा.
अरुंद : तंग.
नूतनीकरण : तजदीद.
रक्षकविहीन फाटक : चौकीदार नसलेले रेल्वे फाटक.

दुसरी पायरी : गाडीवरची परीक्षा

कच्चे लायसन्स ६ महिने चालते. ते मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. परिवहन वाहनासाठी मोटार ट्रेनिंग स्कूलचा दाखला आणि डॉक्टरांचे नमुना १-अ मधील प्रमाणपत्र लागते. २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येणे आवश्यक आहे. चष्मा चालतो. डोळे आधीच तपासून घ्यावेत, म्हणजे फीचे पैसे वाया जात नाहीत.

मोटार वाहन निरीक्षक काय पाहतो, ते केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १५ मध्ये लिहिलेले आहे. आरसा नीट लावणे, गिअर क्रमाने टाकणे, उतारावर झटपट खालच्या गिअरमध्ये येणे, चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे, वळण्याआधी आरसा पाहून इशारा देणे, काटकोनात रिव्हर्स घेणे, अचानक थांबावे लागले तर गाडी ताब्यात ठेवणे. बहुतेक मुले सरळ रस्त्यावर सराव करतात आणि रिव्हर्स व चढ यांत नापास होतात. सरावाचा निम्मा वेळ या दोन गोष्टींना द्यावा.

नापास झाल्यास ७ दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाल्यास ६० दिवस थांबावे लागते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. प्रवासी वाहनासाठी लागणारा बॅज आणि त्यासाठीची पोलीस पडताळणी हे काम निराळे आहे. नाव, पत्ता व जन्मतारीख सर्व कागदांवर सारखी आहे ना, हे अर्जाआधीच पाहावे. ‘मोहम्मद’ हे नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर ‘मो.’ असे असल्याने आपल्या मुलांचे अर्ज अडकतात.

परीक्षेतला एक प्रश्न

रक्षकविहीन फाटकावर काय करावे? कायद्याचे कलम १३१ सांगते : गाडी थांबवावी, क्लीनर वा सोबतच्या माणसाने खाली उतरून फाटकापर्यंत चालत जावे, गाडी येत नाही याची खात्री करावी आणि मग बस पुढे न्यावी. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरावे. मुले हे उत्तर पाठ करतात आणि विसरतात. २४ जुलै २०१४ रोजी तेलंगणात मेदक जिल्ह्यातील मासाईपेट येथे अशाच फाटकावर शाळेच्या बसला नांदेडहून सिकंदराबादला जाणाऱ्या पॅसेंजरने धडक दिली. डझनाहून अधिक मुले गेली. जानेवारी २०१९ अखेर रेल्वेने ब्रॉडगेजवरील अशी फाटके संपवली. परंतु थांबणे, उतरणे, पाहणे ही सवय शाळेच्या बसवाल्याला रोज लागते. मूल उतरल्यावर ते बसच्या पुढून वा मागून तर जात नाही ना, हे पाहण्यासाठी.

मालकांसाठी दोन शब्द

६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले की हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवता येते. लहान व्हॅनवाल्यांना याचा दिलासा आहे. त्याहून जड बससाठी मात्र त्या वर्गाचाच परवाना हवा. चालकाचा परवाना योग्य नसेल तर विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. स्वस्तातला चालक असा महाग पडतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. पालकांनी तिथे चालकाचा परवाना आणि त्याची मुदत विचारावी. परिवहन परवाना आता ५ वर्षांचा असतो.

काय करता येईल?

प्रत्येक मोहल्ल्यात निवृत्त एस.टी. चालक आणि जुने ट्रकवाले आहेत. शाळेची खोली संध्याकाळी रिकामी असते. आठवड्यातून दोन दिवस एक तास चिन्हे व शब्द शिकवले तर महिन्याभरात मुले पहिल्या परीक्षेला तयार होतील, इन्शाअल्लाह. ज्यांच्याकडे गोदामाचे मोकळे आवार आहे, त्यांनी रविवारी ते रिव्हर्सच्या सरावाला द्यावे. याला खर्च फारसा नाही.

कापडाच्या ठाणात दोष निघाला तर ठाण परत येते आणि पैशाचा निकाल लागतो. सकाळी आई-बाप जे मूल बसमध्ये चढवतात, ती अमानत आहे. दलालाला पैसे देऊन चाचणी चुकवणारा तरुण त्या अमानतीत पहिल्याच दिवशी खोट घालतो. चाचणी स्वतः द्यावी, नापास झालो तर पुन्हा द्यावी, आणि मगच त्या बसवर बसावे.