भित्र्या कुत्र्याचा सिलॅबस

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हॉस्टेलवर अभ्यास सोडून बाकी सगळं होतं, हे रेक्टर सरांनाही माहीत आहे. सेकंड इयरला अशाच एका आठवड्यात मित्राच्या मोठ्या भावाच्या जुन्या हार्डडिस्कवर 'करेज द कावर्डली डॉग' सापडलं. "कार्टून काय बघताय लहान पोरांसारखं?" असं विचारणारे तासाभरात त्याच पलंगावर दाटीवाटीनं बसले होते. आणि रात्री दोन वाजता कूलरवरून पाणी आणायला एकटं जायला कुणी तयार नव्हतं!

कार्टूनला आपण का घाबरलो, हा प्रश्न डोक्यात राहिला. मग मशीन उघडून बघावं तशी ही मालिका उघडून बघितली. त्याचा हा छोटा रिपोर्ट.

आधी थोडी माहिती. जॉन आर. डिलवर्थ यांनी १९९६ मध्ये एक छोटी फिल्म केली, तिचं नाव 'द चिकन फ्रॉम आऊटर स्पेस'. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्यातूनच पुढे १९९९ ते २००२ या काळात कार्टून नेटवर्कवर ५२ भागांची मालिका झाली. पात्रं मोजून तीन : प्रेमळ म्हातारी म्युरिएल, तिचा खडूस नवरा युस्टेस आणि त्यांचा गुलाबी कुत्रा करेज. नाव 'धैर्य' आणि स्वभावानं एक नंबर भित्रा.

१. बाउंडरी कंडिशन

या तिघांच्या गावाचं नाव 'नोव्हेअर', राज्य कॅन्सस. उघडा माळ, एक घर, एक पवनचक्की. शेजारी नाही, मदतीला कुणी येईल अशी आशा नाही. कुठलंही गणित सोडवण्याआधी आपण बाउंडरी कंडिशन लिहितो, तसं भयकथेत आधी बाहेरच्या मदतीचे रस्ते बंद करावे लागतात. 'शेजारच्या काकांना हाक मारा ना!' असं प्रेक्षकाच्या मनात आलं की भीती संपली. इथे लेखकानं ते काम गावाच्या नावातच उरकलंय, आणि तोच पहिला विनोदही आहे.

२. संकट आत येतं कसं?

भूत उगाच येत नाही. इथे दार दोघं उघडतात. म्युरिएल भोळेपणानं कुणालाही घरात घेते, आणि युस्टेस हावरटपणानं. रामसीस राजाच्या भागात चोरीची शिळा घराजवळ सापडते. राजाचं भूत 'परत दे' म्हणून बजावतं. शिळेला भरपूर किंमत येणार म्हटल्यावर युस्टेस काही ती सोडत नाही. मग तीन संकटं येतात : आधी पूर, मग टोळधाड नव्हे तर एक भयंकर गाणं, आणि नंतर टोळधाड! मधलं संकट हसवतं, म्हणूनच तिसरं जास्त लागतं. ताण, मोकळीक, पुन्हा ताण. सगळी मालिका या लयीवर चालते.

शिवाय तो राजा दिसतोही वेगळा. बाकी सगळं हातानं काढल्यासारखं सपाट आणि हा एकटा कॉम्प्युटरवर घडवलेला. तो त्या चित्रातला नाहीच, हे डोळ्यांना आधी कळतं, मनाला नंतर. भीती वाटते ती या न जुळण्याची.

३. आरडाओरडा नसलेली भीती

'फ्रीकी फ्रेड' हा भाग जरूर बघा. म्युरिएलचा भाचा फ्रेड न्हावी आहे. तो करेजबरोबर बाथरूममध्ये अडकतो आणि सगळी हकिगत यमक जुळवत, शांतपणे सांगतो. पाठलाग नाही, रक्त नाही. फक्त चेहऱ्यावरून न हलणारं हसू. एवढ्यावर अख्खा भाग उभा आहे.

४. राक्षस वाईटच असतो असं नाही

'द मास्क'मध्ये मुखवटा घातलेली मांजर घरी येते आणि करेजचा अकारण छळ करते. नंतर कळतं की तिची मैत्रीण एका गुंड कुत्र्याच्या तावडीत आहे, म्हणून तिचा सगळ्या कुत्र्यांवर राग आहे. मार खाल्लेला करेजच त्या मैत्रिणीला सोडवायला जातो. भीतीचं कारण कळलं की पुष्कळदा तिचं दुःख होतं.

५. ज्याला दिसतं, त्याचं कुणी ऐकत नाही

हा माझ्या मते मालिकेचा कणा आहे. संकट सगळ्यात आधी करेजला दिसतं. तो किंचाळतो, हातवारे करतो, स्वतःचाच आकार बदलून राक्षसाची नक्कल करून दाखवतो. म्युरिएलला वाटतं खेळतोय, आणि युस्टेस शिवी देऊन मुखवटा घालून त्यालाच घाबरवतो. माळ्यावरचा कॉम्प्युटर उत्तर देतो, पण टोमणा मारूनच. आपण हसतो, कारण धडपड मजेशीर आहे. आणि घाबरतो, कारण तो बरोबर आहे हे फक्त आपल्याला माहीत असतं.

इथे थोडं स्वतःचं सांगतो. त्याच आठवड्यात माझा रूममेट भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला केटी लागली होती, तीही गणितात. तो मेसला येईना. मी दोन-तीनदा विषय काढला, पण चेष्टेच्या सुरात : "आमचा टॉपर उपोषणाला बसलाय." सगळे हसले, मीही हसलो. करेजला निदान घरच्यांना कळेल असं बोलता येत नव्हतं. मला येत होतं, तरी मी हातवारेच करत होतो. चौथ्या दिवशी रेक्टर सरांकडे गेलो आणि सरळ सांगितलं, "सर, मला त्याची भीती वाटतेय." सरांनी त्याच रात्री त्याच्या घरी फोन केला. वडील येऊन घेऊन गेले. उपचार झाले, एक वर्ष गेलं, आणि आता तो आमच्या मागच्या वर्गात आहे, मेसला सगळ्यात आधी असतो.

६. शेवटचा भाग

परत आल्यावर आम्ही दोघांनी 'परफेक्ट' बघितला. २००२ चा हा शेवटचा भाग. एक कडक बाई येते आणि करेजला प्रत्येक गोष्टीत चुका दाखवते. त्याची झोप उडते, वाईट स्वप्नं पडतात. शेवटी बाथटबमधला एक मासा त्याला समजावतो की परफेक्ट असं काही नसतंच, आहेस तसा तू छान आहेस. मग करेज आपल्या पद्धतीनं, चुकत-माकत कामं करतो आणि ती बाई नाहीशी होते. एकूण राक्षसांत शेवटचा राक्षस कोण, तर मार्क देणारी बाई!

भाग संपल्यावर रूममेट एवढंच म्हणाला, "हा आधी दाखवायचा ना रे."

म्हणून मित्रांनो, धाडसी म्हणजे न घाबरणारा, ही व्याख्या या कुत्र्यानं खोडून काढलीय. तो प्रत्येक भागात थरथरतो, आणि थरथरतच म्युरिएलसाठी पुढे जातो. तुमच्या विंगमध्ये कुणी भिंतीकडे तोंड करून पडला असेल, तर हातवारे नकोत. दार वाजवा. नाहीच उघडलं, तर रेक्टर सरांची खोली तळमजल्यावर आहे.