अंगावरून जाणाऱ्या रात्री

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पॅड बदलायला पुन्हा पुन्हा उठावं लागत असेल, चादर भिजत असेल, तर अंगावर जास्त जातंय असं समजावं. त्यावर तपासण्या आहेत, औषधं आहेत. मी झाशीजवळच्या बिजौलीत राहते. यांची नोकरी इथल्या औद्योगिक वसाहतीत, सासर पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं मराठी घर, माहेर पुण्याचं. चाळिशीच्या आसपास माझी पाळी फार वाढली. तेव्हा रात्री निभावताना जे उपयोगी पडलं आणि डॉक्टरांकडून जे समजलं, ते लिहिते आहे. शेजारच्या बायका अजूनही मला बाजूला घेऊन हेच विचारतात.

१. अंथरुणाची सोय संध्याकाळीच करून ठेवावी. तान्ह्या बाळाखाली घालतो ते मेणकापड कमरेपासून गुडघ्यापर्यंत येईल एवढं घ्यायचं, त्यावर जुन्या सुती साडीची जाड घडी, त्यावर चादर. तशीच दुसरी घडी उशाशी. रात्री भिजलंच तर वरचं काढायचं, दुसरं घालायचं आणि परत आडवं व्हायचं. गादीला काही होत नाही आणि घर जागं होत नाही. मेणकापड अख्ख्या गादीवर घालू नये. मे-जूनमध्ये इथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, कूलर चालू असला तरी पाठ घामाने निथळते.

डाग गार पाण्यातच भिजवायचे. गरम पाण्याने रक्त कापडात पक्कं बसतं. आणि घड्या कडक उन्हात वाळवायच्या, इतर कपड्यांच्या आड लपवून नव्हे. पहिल्यांदा मी त्या दोरीवर टाकल्या तेव्हा सासूबाई काय म्हणतील याचा मला घोर होता. त्या म्हणाल्या, “अगं, नीट पसर, कोपरे ओले राहतात.”

२. दोन पॅड लावायचे झाले तर एकावर एक लावू नयेत. पॅडची खालची बाजू प्लास्टिकची असते, वरचा भरला तरी खालच्यात काही उतरत नाही. एक पुढे, एक मागे, मधली टोकं थोडी एकमेकांवर, असं लावलं तर खरा फायदा. पाठीवर झोपल्यावर रक्त मागे ओघळतं, म्हणून रात्रीचा लांब पॅड मागच्या बाजूला सरकवून लावावा. सगळ्यांत वाईट रात्रींसाठी मोठ्या माणसांचं, चड्डीसारखं घालायचं डायपर मेडिकलमध्ये मिळतं. त्यात कमीपणा काही नाही. मला त्याने चार-पाच तास सलग झोप मिळाली आणि त्या दिवसांत झोपेइतकं दुसरं काही महत्त्वाचं नव्हतं. खर्चाचा प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक मिळतात. जास्त जाणाऱ्या बाईला ते लवकर बदलावे लागतील, पण दिवसा त्यांनी भागतं आणि वाचलेल्या पैशांत रात्रीचे चांगले घेता येतात.

३. उठताना घाई नको. आपण आडव्या असताना योनीत साठलेलं रक्त उभं राहताच एकदम बाहेर येतं. आधी कुशीवर वळावं, मग बसावं, पाय जमिनीला लावून थोडं थांबावं, मग उठावं. वाटेत दिवा चालू ठेवावा. आणि बाथरूमची कडी आतून लावू नये. भोवळ येऊन पडलं तर बाहेरच्याला आत येता आलं पाहिजे.

४. मोजावं. साधारण पाळीत एकूण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. ऐंशीच्या वर गेलं तर वैद्यकशास्त्र त्याला अतिस्राव म्हणतं. घरी मिलिलिटर कोण मोजणार? पण काही खुणा पुरेशा असतात: पॅड तासा-दोन तासांत पूर्ण भिजणं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडणं, सात दिवसांपेक्षा जास्त दिवस जाणं, रात्री बदलायला उठावं लागणं. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांना हे सोपं जातं. बहुतेक कपांत पंचवीस-तीस मिलिलिटर मावतं आणि आतल्या रेघांवरून अंदाज येतो.

माहेरून दरवर्षी कालनिर्णय येतं. त्या चौकोनांत मी रोजचे पॅड पेन्सिलीने लिहू लागले, गाठी पडल्या तर एक ठिपका, रात्री उठले तर एक रेघ. डॉक्टरीणबाईंसमोर ती पानं ठेवली, तेव्हा ‘जास्त म्हणजे किती?’ हा प्रश्नच उरला नाही. त्याआधी एका ठिकाणी मला ‘या वयात होतंच’ एवढंच ऐकायला मिळालं होतं. लिहिलेल्या आकड्याला असं उत्तर देता येत नाही.

५. कारण शोधल्याशिवाय गोळी सुरू करू नये. गर्भाशयातल्या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, आतल्या अस्तरावरचे पॉलिप, अस्तर गर्भाशयाच्या भिंतीत शिरणं, ज्याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात आणि जे माझ्या बाबतीत निघालं, थायरॉइड, बीज वेळेवर न सुटणं, रक्त पातळ करणारी औषधं, साधी तांबी. कारणं इतकी वेगवेगळी आहेत की शेजारणीची गोळी आपल्याला लागू पडेलच असं नाही. रक्ताची तपासणी, थायरॉइड, सोनोग्राफी एवढ्यावर बरंच कळतं. दिवस राहण्याची शक्यता असेल तर ती तपासणी सर्वांत आधी. पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडाही तपासायला सांगतात. तो टाळू नये, क्वचित कर्करोग असतो आणि तो लवकर सापडणंच चांगलं.

मुलींबद्दल वेगळं सांगायचं आहे. वयात आल्यापासूनच एखादीच्या अंगावर फार जात असेल, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, बारीकशा मारानेही निळे डाग पडत असतील, तर ‘हळूहळू बसेल’ म्हणून थांबू नये. रक्त न गोठण्याचा आजार असू शकतो. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये असा एक आजार पहिल्यांदा लिहून ठेवला. त्यांनी पाहिलेली आलांड बेटांवरची एक लहान मुलगी पुढे तेराव्या वर्षी, आयुष्यातल्या चौथ्या पाळीत, रक्त जाऊन गेली. आज त्यावर उपचार आहेत. माझ्या भाचीच्या बाबतीत मी हट्टाने ही तपासणी करायला लावली. निकाल चांगला आला, पण हट्टाचं मला आजही बरं वाटतं.

६. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या औषधाचं नाव लक्षात ठेवण्यासारखं. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती यांनी ते शोधलं, १९६२ मध्ये त्यावरचा निबंध आला. बाळंतपणात रक्त जाऊन बायका दगावतात, ते थांबावं ही त्या बाईंची तळमळ होती. पाळीत ते फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत घ्यायचं, आणि रक्त जवळपास निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतं. दुखतही असेल तर मेफेनॅमिक अ‍ॅसिड सोबत देतात. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ट्रॅनेक्झॅमिक चालत नाही, म्हणून दुकानातून आपल्या मनाने आणू नये. पोटदुखीवर अ‍ॅस्पिरिनही नको, त्याने रक्त वाढतं.

मला शेवटी गुण आला तो हार्मोन सोडणाऱ्या, गर्भाशयात बसवायच्या साधनाने. दिसायला तांबीसारखंच, काम मात्र उलटं: तांबीने रक्त वाढू शकतं, याने खूपच घटतं. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडत राहतात. तेवढा धीर धरावा लागतो.

७. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. झाशीच्या ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, तिथे आम्ही जातो, घरी गौरी बसतात, आणि त्या आठवड्यात कित्येकजणी गुपचूप या गोळ्या घेतात. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. मुळातच जास्त जाणाऱ्या बाईने हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. माझं मत स्पष्ट आहे: गौरीचा नैवेद्य घरातलं दुसरं कुणीही दाखवू शकतं. आमच्याकडे आता हे दाखवतात.

८. झेलम एक्सप्रेसने पुण्याला जाताना एक रात्र गाडीतच जाते. खालचा बर्थ मिळवावा, गडद रंगाचा सलवार-कुर्ता घालावा, मेणकापडाचा तुकडा चादरीखाली घालावा. वापरलेले पॅड कागदात बांधून पिशवीत. शौचालयात टाकू नयेत.

९. रात्री गेलेलं रक्त दिवसा भरून काढायचं असतं. आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतलं. हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेलं की रक्तक्षय. पण ते ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो, म्हणून फेरिटिनही तपासून घ्यावं. जिना चढताना धाप, केस गळणं, बर्फ किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही लोह कमी पडल्याची लक्षणं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा तासभर तरी लांब ठेवावा, आणि बुंदेलखंडात दर पाहुण्यासोबत चहा होतो म्हणून हे मुद्दाम सांगते. शौचाला काळी होते, घाबरू नये. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरेपर्यंत काही महिने गोळी चालू ठेवतात. अळिवाची खीर, नाचणी, पालेभाज्या जरूर खाव्यात. पण एकदा खालावलेलं रक्त नुसत्या खिरीने भरत नाही.

१०. ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांचं काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने २०१९ मध्ये पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या अनेकजणी तरुण होत्या. पाळीत काम बुडलं की मजुरी बुडते, दंड बसतो, आणि रात्री पालात ना पाणी ना आडोसा. त्यांतल्या कित्येकींना गोळी, साधन, विश्रांती यांपैकी काहीच मिळालं नव्हतं. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. काहीजणींना ही शस्त्रक्रिया खरोखर लागते आणि त्यांना तिने सुख मिळतं. पण आधीचे उपाय करून पाहण्याचा हक्क प्रत्येकीला आहे.

११. ताशी एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं सलग दोन तास चाललंय, छाती धडधडतेय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री दवाखाना. घरातल्या एका माणसाला हे आधीच, दिवसाउजेडी, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावं. मी यांना सांगितलं तेव्हा ते आधी नजर चुकवत होते, मग त्यांनीच वही आणली. रक्तगट, हिमोग्लोबिनचा शेवटचा आकडा, चालू औषधं, १०८ हा नंबर, एवढं त्यांनी एका कागदावर लिहिलं आणि फ्रिजवर लावलं. शेजारच्या जिज्जींनी तो पाहिला आणि सुनेसाठी तसाच एक लिहून नेला.