जुन्या संगणकाच्या स्मृतीची जुळणी

अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो. अशा वेळी शाळेतील जुना संगणक मध्येच अडला की दोष त्याच्या वयाला दिला जातो. तो दोष कधी रॅमच्या, म्हणजे यंत्राच्या कामचलाऊ स्मृतीच्या, जुळणीतही असतो.

डीडीआर-२ ८०० जातीच्या रॅमचा एक ठोका २.५ नॅनोसेकंदांचा. मागितलेली माहिती हाती येण्यास ५ ठोके, म्हणजे १२.५ नॅनोसेकंद, लागत असतील, तर बायॉसमध्ये ५ चे ६ केल्यास १५ लागतील. हा विलंब विद्यार्थ्यास जाणवत नाही. तापलेल्या रॅमला मात्र उसंत मिळते. उलट, वेगाच्या हौसेने ५ चे ४ करणे घातक होय. संगणक चालू राहतो आणि गुणपत्रकातील अंक निमूटपणे बिघडतो.

चिपसेट दोन वाहिन्यांचा असल्यास सारख्या दोन पट्ट्या जोडीच्या खाचांत बसवाव्यात; त्यात लाभ अधिक. तयार संगणकांत हे आकडे बहुधा बदलता येत नाहीत. तेथे धूळ झाडावी, हेही थोडे नव्हे.

एका वेळी एकच आकडा बदलावा, जुना वहीत नोंदवावा आणि वीज टिकल्यास रात्रभर मेमटेस्ट८६ चालवावा. पडदा उजळलाच नाही, तर वीजजोडणी काढून सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवावी. मूळ आकडे परत येतात.