गोंडे आणि गृहपाठ

शास्त्रपाठ : गणना १५:३७-४१; निर्गम ४:१०-१६

रानातील प्रवासात इस्राएल लोकांना देवाने वस्त्रांच्या काठांना गोंडे लावण्यास सांगितले. भाषांतर करताना या उताऱ्यातील तीन क्रियापदांपाशी मी अनेकदा थांबलो आहे. मूळ इब्री वाक्यात ती एकामागून एक येतात : पाहणे, आठवणे, आचरणे. आज्ञा तर लोकांना पूर्वीच मिळाल्या होत्या. तरीही देवाने केवळ त्यांच्या स्मरणशक्तीवर भिस्त ठेवली नाही. डोळ्यांना दिसेल अशी खूण त्याने दिली, आणि तीही अंगावरच्या वस्त्राला, जेणेकरून ती घरी विसरून राहू नये.

हा उतारा मला जयपूरच्या वैशाली नगरात, बहिणीच्या घरी, नव्याने उमगला. माझा भाचा सातवीत आहे. त्याला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असल्याचे तपासणीत आढळले आहे. बुद्धी तल्लख, परंतु कोणता अभ्यास दिला व तो कधी द्यावयाचा, हे त्याच्या ध्यानी राहत नाही. फळ्यावरचे उतरवून होईपर्यंत बाईंची तोंडी सूचना निसटून गेलेली असते. त्यात भाषांचा गुंता : डायरीत ‘गृहकार्य’, बाईंच्या तोंडी ‘होमवर्क’ आणि आईचा ‘गृहपाठ’. (हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत तीच दंड होते, या मुलाच्या वाट्याला ती दोन्ही अर्थांनी आली.) ‘निष्काळजी’ हा शेरा वारंवार येई आणि घरी रोज सायंकाळी रडारड होई.

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला देशभर मान्यता दिली. जादा वेळ, लेखनिक यांचा आधार मोठाच आहे. पण तो परीक्षेच्या दिवशीचा. बुधवारी निबंध न्यावयाचा आहे, याची आठवण कायदा करून देत नाही.

तेव्हा आपल्या घरी असे मूल असेल, तर प्रथम सर्व विषयांच्या नोंदीसाठी एकच वही ठेवावी. माझ्या बहिणीने ती जाड दोऱ्याने दप्तरालाच बांधून टाकली. गोंडाच म्हणा ना! प्रत्येक ओळीत विषय, काम आणि देण्याचा वार, एवढेच. विषयाचे नावही लिहावयास नको. गणिताला लाल ठिपका, हिंदीला हिरवा. तेवढेही लिहिणे जड जात असेल तर बाकावरच्या सोबत्याने लिहून द्यावे. जड जिभेच्या मोशेची जीभ देवाने हलकी केली नाही, त्याला अहरोन दिला. सोबत्याची मदत घेण्यात कमीपणा मानणाऱ्या पालकांनी तो अध्याय पुन्हा वाचावा. शेवटच्या तासाला शिक्षकांनी वहीवर नजर टाकून सही केली तर उत्तमच.

पंधरा दिवसांनी द्यावयाचा प्रकल्प बहुधा चौदाव्या रात्री आठवतो. म्हणून त्याचे तीन-चार भाग पाडावेत व प्रत्येकाचा वार भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावा.

आणखी एक गोष्ट आम्हा सर्वांच्या फार उशिरा लक्षात आली. पुष्कळदा अभ्यास झालेला असे, पण तो दप्तरातच राही! बाईंना वाटे, केलाच नाही. आईला वाटे, दिला. तेव्हापासून वहीत दोन खुणा होतात : काम पुरे झाल्यावर एक, बाईंच्या हाती दिल्यावर दुसरी. दोन्ही खुणा मुलानेच करावयाच्या.

आणि प्रश्न बदलावा. “आठवतंय का?” हा प्रश्न मुलाला नेमका त्याच्या दुबळ्या जागी गाठतो. (संडे स्कूलमध्ये पाठ वचन सर्वांदेखत म्हणावयास लावणाऱ्या शिक्षकांनीही याचा विचार करावा.) बहीण आता “वही पाहिलीस का?” असे विचारते. आधी पाहणे, मग आठवणे, हाच त्या उताऱ्याचाही क्रम आहे.

गेल्या खेपेस मी गेलो तेव्हा भाच्याने वही आपणहून माझ्यापुढे धरली. दुसऱ्या खुणेच्या तीन जागा रिकाम्या होत्या. “मामा, हे उद्या द्यायचंय,” असे म्हणून त्याने त्या तीन वह्या दप्तरात वरच ठेवल्या आणि दप्तर दाराशी नेऊन टेकवले.