थांबली की थरथरते

प्रश्न : माझी जुनी पेट्रोल गाडी नृसिंहवाडीच्या गर्दीत थांबली की थरथरते, एसी लावला की बंदच पडते. मेकॅनिक म्हणतो, रेस वाढवून घ्या. घेऊ का?
– एक वाचक, कुरुंदवाड

उत्तर : नको. त्याने दोष झाकला जाईल आणि पेट्रोल जास्त जाईल, एवढंच. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग साधारण ७०० ते ८५० आरपीएम असावं. पाय काढल्यावर थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते आणि उरलेल्या फटीतून इंजिन श्वास घेतं. तिथे काजळी साचली की गाडी गुदमरते. एसीचा भार आला की मान टाकते.

आधी एअर फिल्टर बघा. उसाच्या हंगामात आपल्याकडच्या धुळीने तो लवकर बुजतो. मग थ्रॉटल बॉडी तिच्यासाठीच्याच क्लीनरने साफ करून घ्या. इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने ढकलू देऊ नका. नंतर स्कॅनरने आयडल पुन्हा सेट करावं लागतं. ‘सुस्स’ असा आवाज येत असेल तर व्हॅक्यूमची नळी चिरली आहे, ती बदला. तरीही ठराविक ठोक्याला झटका बसत असेल तर प्लग आणि कॉइल तपासा.

एक विचारतोच : २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात गाडी पाण्यात होती का? असेल तर सेन्सरचे कनेक्टर उघडून हिरवट गंज बघा, अर्थिंगची वायरही घासून घट्ट करा.